मोठे यंत्र आणि कागदाचा ताव

छापखान्याने मोठे यंत्र घेतले म्हणजे वेग वाढला, अशी सर्वसाधारण समजूत असते. आमच्या मते खरा प्रश्न तावाचा आहे. लहान डिजिटल यंत्रावर बहुधा ३२० × ४५० मिलिमीटरचा ताव चालतो. ए-५ आकाराचे पुस्तक घेतल्यास त्याच्या दोन्ही अंगांवर मिळून आठ पृष्ठे बसतात. एचपी इंडिगो १०००० या २०१२ साली पुढे आलेल्या यंत्राचा ताव ५३० × ७५० मिलिमीटरचा. त्यावर सोळांचा फर्मा सहज बसतो. चौसष्ट पृष्ठांच्या ५०० प्रतींस पूर्वी ४,००० ताव लागत, तेथे आता २,००० पुरतात आणि फर्मे जुळविण्याचे कामही निम्म्यावर येते.

मात्र येथे एक मेख आहे. ऑफसेटला प्रत्येक रंगाची प्लेट करावी लागते. तो खर्च प्रती वाढतील तसा विभागला जातो. डिजिटल यंत्रास प्लेट नाही. म्हणून पन्नास प्रतीही परवडतात, परंतु पाच हजारांस दर फारसा उतरत नाही. केवळ मोठ्या मागण्यांवर भिस्त ठेवून जो मुद्रक हे यंत्र घेईल, त्याचे कर्ज फिटणे कठीण. लहान आवृत्त्यांची पुष्कळ पुस्तके येत असतील, तरच ते पोसते.

शिवाय आमच्या गोव्यातील पावसाळा! १५५६ साली येथे मुद्रणयंत्र उतरले तेव्हाही तो असाच असणार. दमट हवेत कागद फुगतो. ताव जितका मोठा, तितका दोन्ही अंगांचा मेळ चुकण्याचा संभव अधिक. तेव्हा वातानुकूलनाची वीज हिशेबात धरावी लागते, आणि जुन्या कटाईयंत्रात हा ताव मावतो की नाही, तेही आधी मोजून पाहावे लागते.