दोन गाड्यांमधली मुंबई

‘‘काका, तुम्ही टेन्शनच घेऊ नका. सकाळी सीएसएमटीला उतरा, रात्रीची गाडी कुर्ल्याहून आहे, मधल्या वेळात सगळी मुंबई दाखवतो.’’ आमच्या मेहुण्यांच्या ओळखीचा ट्रॅव्हल्सवाला. सगळी म्हणजे गेटवे, घारापुरी, हँगिंग गार्डन, सिद्धिविनायक, जुहू आणि वर हीरोंचे बंगले. एवढं एका दिवसात बसत नाही, हे मी घरीच सांगितलं होतं. पण मेहुण्यांच्या शब्दापुढे आमच्याकडे माझं किती चालतं, ते नातेवाइकांना ठाऊक आहेच.

वार सोमवार. गेटवेला पोचल्यावर ड्रायव्हर सहज सांगावं तसं म्हणाला, ‘‘घारापुरी आज बंद असते, साहेब.’’ लेणी दर सोमवारी बंदच असतात. हाच धंदा करणाऱ्याला ते माहीत नसेल? पैसे मात्र घारापुरी धरून आगाऊ घेतलेले. ‘‘त्याऐवजी मॅडमना शॉपिंग करू द्या,’’ म्हणत त्याने कुलाब्यातल्या एका दुकानासमोर गाडी लावली.

दारात स्टुलावर एक पोरगा वही घेऊन बसलेला. आम्ही खाली उतरतोय तोवर त्याने आमच्या टॅक्सीचा नंबर लिहिला आणि पुढे ‘२’. पानभर तसेच नंबर, तसेच आकडे. तिथे माझी ट्यूब पेटली. आत सेल्समन शालींवर शाली उलगडतोय, ही ‘नको नको’ म्हणतेय आणि बाहेर ड्रायव्हरसाहेब त्या वहीवाल्याबरोबर कटिंग मारताहेत. मी निघू म्हटलं, तर म्हणतो, ‘‘दहा मिनिटं अजून बसा ना साहेब. काही घेऊ नका, पण बसा.’’ घेऊ नका, पण बसा! ट्रॅव्हल्सवाला फोन उचलेना. मेहुणे म्हणाले, ‘‘मुंबईत असं होतंच.’’ होत नाही हो, करतात!

टॅक्सी तिथेच सोडली आणि चालत निघालो. तिथून पुढचा दिवस उत्तम गेला, म्हणून हा खटाटोप.

मधे काही तासच असतील, तर दक्षिण टोक सोडू नका. सामान सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये टाका. पुढचं तिकीट हाताशी ठेवा आणि बॅगांना कुलपं घरूनच लावून न्या, बिनकुलपाची बॅग तिथे घेत नाहीत. बाहेर आल्यावर रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवरून स्टेशनकडे मान वर करून बघा. १८८८ मध्ये पुरी झालेली ही इमारत २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि लोक तिच्या पोटातून धावत टॅक्सी शोधतात. दगडातले मोर, माकडं बघायला तिकीट लागत नाही. तिथून हुतात्मा चौक, मग काळा घोडा, सगळं पायी. जहांगीर आर्ट गॅलरीत फुकट जाता येतं. शेजारच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला मात्र निवांत दोन तास द्या. घारापुरीचा ब्रह्मदेव आम्हाला तिथेच भेटला, तोही सोमवारी. पुढे गेटवे चालत दहा मिनिटांवर. हँगिंग गार्डन, जुहू पुन्हा कधीतरी. बंगल्यांची तर फक्त फाटकं दिसतात. मुलांना राणीची बाग दाखवायची असेल तर बुधवार टाळा, त्या दिवशी ती बंद असते.

पाणी जवळ असू द्या, पैसे एकाच खिशात ठेवू नका वगैरे तुम्हाला सांगायला नकोच.

खरी मेख परतीची. ‘कुर्ल्याहून गाडी’ म्हणजे लोकमान्य टिळक टर्मिनस, कुर्ला स्टेशन नव्हे. त्याला जवळचं लोकल स्टेशन हार्बर लाइनवरचं टिळकनगर. सीएसएमटीहून थेट लोकल मिळते, टॅक्सीवाल्यांच्या तोंडाला लागावं लागत नाही. पण पाचच्या आत निघा, मग गाडी रात्री अकराची का असेना. ऑफिसं सुटल्यावर त्या डब्यात बॅग घेऊन चढून दाखवा! रविवार असेल तर मेगाब्लॉक बघून घ्या, दुपारी हार्बर तासन्‌तास बंद असते. आम्हाला संध्याकाळी जुहूहून कुर्ल्याला आणण्याचा त्या माणसाचा बेत होता. जुहूचा संध्याकाळचा ट्रॅफिक ज्याने पाहिलाय, त्याला यापुढे काही सांगायला नको.

आणि आगाऊ पैसे निम्म्यावर देऊ नका. कुठे जाणार, कुठे किती वेळ थांबणार, हे तारीख-वारासकट व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. मी उरलेले पैसे मागितले, तर ‘‘गाडी तुमच्यासाठी दिवसभर अडकली ना, काका,’’ हे उत्तर. त्याचा ‘घारापुरी इनक्लुडेड’ मेसेज मी मेहुण्यांना दाखवला. चष्मा लावून दोनदा वाचला त्यांनी. म्हणाले, ‘‘यात सोमवार कुठे लिहिलंय?’’