ब्लाऊजचा गळा बदलताना : आधी कागद, मग कापड

लग्नसराई सरली की घरोघरी ओटीचे खण पेटीत साठून राहतात. मशीन घरात असते, हातही बसलेला असतो. अडते ते गळ्यापाशी. मापाचे ब्लाऊज आहे, पण त्याचा गोल गळा नको, पानगळा किंवा चौकोनी हवा. अशा वेळी पुष्कळजणी थेट कापडावर कात्री चालवतात. कापलेला गळा काही परत भरता येत नाही, आणि नगरच्या कापडबाजारातून आणलेल्या खणाचा पन्हा आधीच आखूड असतो. म्हणून नवा गळा पेपर कटिंगवर कसा काढावा, ते या पाठात पाहू.

मापवारीने कागदी फर्मे विकण्याची प्रथा अमेरिकेतील एबेनेझर बटरिक या शिंप्याने १८६३ साली सुरू केली. आपल्याला फर्मा विकत आणण्याची गरज नाही, जुने वर्तमानपत्र पुरते. मात्र मूळ कटिंगला हात न लावता त्याची नक्कल उतरवून घ्यावी.

नकलेचे पुढचे व मागचे भाग खांद्याच्या शिलाईच्या रेघेवर जुळवून ठेवावेत. काठाला काठ लावू नये, माया एकमेकींवर येऊ द्यावी. आता गळा सबंध दिसतो. त्यावर पेन्सिलीने नवा आकार काढावा. कटिंग निम्म्या अंगाचे असते, हे विसरू नये. कागदावर अर्धा इंच रुंदी वाढवली की अंगावर एक इंच वाढते आणि दोन्ही खांदे अर्ध्या-अर्ध्या इंचाने अरुंद होतात. तयार खांदा दोन इंचांहून कमी ठेवू नये, असे आम्ही सांगू.

गळा पुढून-मागून खोल आणि वर रुंदही केला तर ब्लाऊज खांद्यावरून घसरणारच. खांदा जागेवर धरतो तो पाठीचा वरचा भाग; तोच कापून टाकल्यावर धरणार कोण? मागे आठ-नऊ इंच खोली हवी असेल तर रुंदी वाढवू नये, पुढचा गळा सहा इंचांच्या आत ठेवावा आणि मागे नाडी लावावी. नाडी नुसती शोभेची नसते.

काढलेली रेघ शिलाईची समजावी. कात्रीची रेघ तिच्यापासून पाव इंच वर, म्हणजे मानेच्या बाजूला. ही माया सोडली नाही तर गळा सगळीकडून पाव इंच मोठा होतो, मग दोष मशीनला!

पुढचा गळा खोल केल्यावर कधी कधी तो अंगापासून सुटून उभा राहतो. त्यासाठी कागदावर गळ्याच्या मध्यापासून टक्सच्या टोकापर्यंत चिमटा घ्यावा. गळ्याशी पाव इंच, टोकाशी शून्य. कागद फुगला तर कमरेचा टक्स टोकापर्यंत कापून तो सपाट करावा. टक्स तेवढा रुंद होतो, कमरेचे माप मात्र बदलत नाही. मग गळ्याची रेघ पुन्हा गोलाईने जुळवावी.

गोल गळ्याला सव्वा इंचाची उरेब पट्टी लावावी, ती वळणावर ताणून बसते. चौकोनी गळ्याला ती चालत नाही. पट्टी त्याच कटिंगवरून, गळ्याच्याच आकाराची कापावी. कोपऱ्यात शिलाईला एक धागा राहील इथपर्यंत कात द्यावी. कमी दिली तर कोपरा आखडतो, जास्त दिली तर उसवतो.

खणाला हात घालण्याआधी जुन्या धोतराच्या तुकड्यावर कच्चा टाका घालून अंगावर पाहावे. दोन्ही हात वर करावेत, वाकून पाहावे. बसले, तर कागदावर नाव, छाती, गळ्याचा प्रकार लिहून कटिंग खिळ्याला टांगावे. सासूचे व सुनेचे वेगळे.