दारे धरणारा डीएनए

पिकलेली केळी अथवा पेरू दोन दिवस उघड्यावर राहिले की त्यांवर तांबूस डोळ्यांची बारीक चिलटे जमू लागतात. बदनावरच्या बाजारात ती दिसतात, तशीच पुण्याच्या मंडईतही. त्यांतील एका जातीस शास्त्रीय परिभाषेत ‘ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर’ असे नाव आहे. बागेतील चांगल्या फळास डंख करून ते नासविणारी फळमाशी निराळी. शेतकरी बांधवांनी या दोहोंत गल्लत करू नये. आपले हे चिलट मुख्यतः आंबू लागलेल्या फळांवर वाढते आणि अवघ्या दहा-बारा दिवसांत त्याची नवी पिढी तयार होते. या गुणामुळेच अमेरिकन शास्त्रज्ञ टी. एच. मॉर्गन यांच्या १९१० सालच्या प्रयोगांपासून आनुवंशिकतेच्या अभ्यासात त्यास मानाचे स्थान लाभले आहे.

प्राण्याच्या पेशीत डीएनएचा जो लांबलचक धागा असतो, त्यात प्रथिने कशी घडवावीत याची माहिती देणारे भाग, म्हणजे जनुके, असतात. परंतु मनुष्याच्या बाबतीत प्रथिनांचा हा मजकूर संपूर्ण धाग्याच्या एक ते दोन टक्केच भरतो. मग उरलेला भाग कशासाठी? १९७२ साली सुसुमु ओहनो यांनी अशा डीएनएला उद्देशून ‘कचरा’ हा शब्द वापरला आणि तो रूढ झाला. त्यातील बराचसा भाग खरोखरच निरुपयोगी असावा, असे मानणारे शास्त्रज्ञ आजही आहेत. मात्र सगळाच कचरा नव्हे. कोणते जनुक शरीराच्या कोणत्या भागात, केव्हा आणि किती प्रमाणात कार्य करील, हे ठरविणारे तुकडे याच भागात सापडतात. विहिरीचे पाणी एकच असले तरी ते कोणत्या वाफ्यात जावे, हे दारे धरणाऱ्याच्या हाती असते. जनुकाच्या आसपासचे हे नियामक तुकडे असेच दारे धरण्याचे काम करतात.

दार बदलले की रूप कसे बदलते, याचे उदाहरण भारतात आढळणाऱ्या ‘ड्रोसोफिला बायर्मिपिस’ या जातीत पाहावयास मिळते. हिच्या नराच्या पंखाच्या टोकाशी काळा ठिपका असतो. मादीपुढे तो ते पंख मोठ्या दिमाखाने मिरवितो! काळा रंग तयार होण्यास लागणारे ‘यलो’ नावाचे जनुक ठिपका नसलेल्या मेलॅनोगॅस्टर जातीतही आहेच. शॉन कॅरल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवून दिले की, फरक जनुकाच्या शेजारच्या नियामक तुकड्यात आहे. पूर्वीपासून असलेल्या तुकड्यात काही अक्षरे बदलली आणि पंखाच्या टोकाशी जनुकाचे कार्य वाढले. चमकणाऱ्या प्रथिनाचे जनुक जोडून तो तुकडा मेलॅनोगॅस्टरमध्ये घातला, तेव्हा पंखाचा तसाच भाग चमकू लागला.

पंखांच्या संख्येविषयीची हकीकत याहून मोठी आहे. मधमाशीस व रेशीम-पतंगास चार पंख असतात, चिलटास दोनच. मागील दोन पंखांच्या जागी त्याला उडताना तोल सांभाळणारे दोन लहान गोळे असतात. त्यांना संतुलक म्हणावे. पंखाऐवजी संतुलक घडविण्याचे नियंत्रण ‘अल्ट्राबायथोरॅक्स’ या जनुकाकडे असते. एडवर्ड लुइस यांनी प्रयोगशाळेत चार पंखांचे चिलट तयार केले. त्यात या जनुकाचा प्रथिन सांगणारा मजकूर शाबूत होता, दारे तेवढी बिघडलेली होती. लुइस यांना १९९५ सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

परंतु हे जनुक मधमाशीच्या मागील पंखांतही कार्यरत असते. तेथे पंख लहान का होत नाहीत? हा प्रश्न पुण्याच्या आयसर या संस्थेत एल. एस. शशिधर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतला. मधमाशीचे व रेशीम-पतंगाचे हे प्रथिन त्यांनी चिलटाच्या पुढील पंखांत निर्माण करविले, तेव्हा त्या पंखांची वाढ खुंटली! म्हणजे प्रथिनाच्या अंगी ती शक्ती होतीच. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, या प्रथिनाच्या आज्ञेत असलेली पंखांची अनेक जनुके तिन्ही कीटकांत सुमारे ३० कोटी वर्षे टिकून आहेत. त्यांच्या नियामक तुकड्यांत मात्र फरक पडला असून, इतर कारणांबरोबर हेही पंखांतील भेदाचे कारण असावे.

हा विषय चिलटापुरताच असता, तर या पत्रिकेत त्यास जागा देण्याचे प्रयोजन नव्हते. माणसाची जनुकेही अशाच दारांवर चालतात, आणि धार जिल्ह्यातील आदिवासी कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या ग्रासणाऱ्या सिकलसेल आजाराशी त्यांचा निकटचा संबंध आहे. या आजारास कारणीभूत होणारा एका अक्षराचा बदल जनुकाच्या प्रथिन सांगणाऱ्या मजकुरातच असतो. गर्भावस्थेत वापरले जाणारे हिमोग्लोबिन वेगळे असते. जन्मानंतर त्याचे दार हळूहळू बंद होते. ज्या रुग्णांत ते थोडे उघडे राहते, त्यांचा त्रास बहुधा कमी असतो. भारतातील अनेक रुग्णांत त्या जनुकाच्या अलीकडे, प्रथिन न सांगणाऱ्या भागात, असा एक अनुकूल बदल आढळतो. तथापि एवढ्यावरून आजार सौम्य समजून औषध टाळणे घातक ठरेल.

२०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिका या देशांनी मंजूर केलेला जनुक-उपचार हाच धागा पकडतो. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन बंद ठेवणाऱ्या जनुकाचा रक्तपेशींपुरता असलेला नियामक तुकडा तो निकामी करतो. मात्र हा उपचार अतिशय खर्चिक व कष्टप्रद आहे. आपल्याकडे उपलब्ध असलेल्या हायड्रॉक्सीयुरिया या गोळीनेही ते हिमोग्लोबिन वाढते. ती वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाची असते.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे झाला. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बदनावर तहसिलीतील भैंसोला येथे पंतप्रधानांच्या हस्ते मध्य प्रदेशातील एक कोटीवे सिकलसेल तपासणी व समुपदेशन कार्ड देण्यात आले. विवाह ठरविताना पत्रिकेबरोबर ही कार्डेही जुळवून पाहावीत. आई व वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्यास हा आजार होण्याची शक्यता चारांत एक इतकी असते, आणि रक्ताची साधी तपासणी केल्यास ही गोष्ट लग्नापूर्वीच कळू शकते.