विनामूल्य संगणकीय सेवा आणि रुग्णपत्रकांचे जतन

चिकित्सालयातील जाडजूड नोंदवह्या हळूहळू कपाटात गेल्या आणि त्यांची जागा संगणकाने व भ्रमणध्वनीने घेतली. रुग्णाची नोंद, पंचकर्माचे वेळापत्रक, औषधांचा साठा, देयके, इतकेच नव्हे तर श्वित्राची वा व्रणाची क्रमाने घेतलेली छायाचित्रेही आता आंतरजालावरील कोणत्या ना कोणत्या विनामूल्य सेवेत साठविली जातात. ही सोय मोठी आहे, हे आम्ही नाकारत नाही. परंतु ज्या सेवेचा मोबदला आपण देत नाही, ती उद्याही चालू राहील अशी हमी मागण्याचा अधिकार आपल्याला नसतो. प्रस्तुत लेखात या जोखमीचा विचार वैद्य आणि फार्मसीचालक यांच्या दृष्टीने केला आहे.

एकाच ठिकाणी असलेली प्रत

हा प्रश्न आपल्या शास्त्राला नवा नाही. पुनर्वसु आत्रेयांच्या सहा शिष्यांनी स्वतंत्र तंत्रे रचली, असे परंपरा सांगते. त्यांपैकी अग्निवेशाचे तंत्र चरक व दृढबल यांच्या संस्करणामुळे आपल्यापर्यंत आले. भेलसंहिता वाचली ती प्रामुख्याने तंजावरच्या ग्रंथालयातील एका अपूर्ण हस्तलिखितामुळे. जतूकर्ण, पराशर, क्षारपाणी यांची तंत्रे मात्र टीकाकारांनी दिलेल्या उद्धरणांपुरतीच उरली. ग्रंथ टिकण्यात त्याच्या गुणवत्तेइतकाच प्रतींच्या संख्येचा वाटा असतो. आंतरजालावरील कंपनी आपल्या माहितीच्या अनेक प्रती ठेवते हे खरे. पण त्या सर्व एकाच मालकाच्या ताब्यात असल्याने त्याच्या एका निर्णयाने सर्वच नाहीशा होऊ शकतात. त्या अर्थी ती एकच प्रत होय.

नोंद गेली तर नेमके काय जाते, हेही पाहिले पाहिजे. कुष्ठाच्या रुग्णाला पुनःपुन्हा शोधन द्यावे लागते. मागील खेपेस कोष्ठ क्रूर आढळला होता, स्नेहपान सातव्या दिवसापर्यंत न्यावे लागले, विरेचन द्रव्याच्या नेहमीच्या मात्रेत वेग अल्प आले, ही माहिती कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही. ती त्या रुग्णाच्या पत्रकातच असते. त्याहून गंभीर गोष्ट असात्म्याची. एखाद्याला भल्लातकाचा कल्प देताच कंडू, शोथ व स्फोट उठले होते, असे समजा. रुग्णाला घटकद्रव्यांची नावे ठाऊक नसतात. ‘कसल्याशा गोळीने अंगावर उठले होते’ एवढेच तो सांगू शकतो. चार वर्षांनी तो पुन्हा आला आणि नोंद उपलब्ध नसली, तर तोच कल्प पुन्हा दिला जाण्याचा धोका उभा राहतो.

घडलेली उदाहरणे

गूगल कंपनीने 2008 साली ‘गूगल हेल्थ’ ही वैयक्तिक आरोग्यनोंदींची विनामूल्य सेवा सुरू केली. जून 2011 मध्ये ती बंद करण्याची घोषणा झाली, 1 जानेवारी 2012 रोजी ती बंद झाली, आणि माहिती उतरवून घेण्यासाठी आणखी एक वर्ष देण्यात आले. मायक्रोसॉफ्टची ‘हेल्थव्हॉल्ट’ ही तशीच सेवा 2007 पासून चालली आणि 20 नोव्हेंबर 2019 रोजी थांबली. या दोन्ही कंपन्या जगातील अतिश्रीमंत कंपन्यांपैकी आहेत. त्यांपैकी कोणाचेही दिवाळे निघाले नव्हते. तेव्हा ‘एवढी मोठी कंपनी आहे, ती कशाला बंद करील?’ हा युक्तिवाद टिकत नाही.

आमच्या मते वैद्यांनी सर्वाधिक लक्ष द्यावे असे उदाहरण अमेरिकेतील ‘प्रॅक्टिस फ्यूजन’चे आहे. 2005 साली सॅन फ्रान्सिस्को येथे स्थापन झालेल्या या कंपनीने लहान दवाखान्यांना रुग्णनोंदींची प्रणाली फुकट दिली. तिचे उत्पन्न मुख्यतः औषध कंपन्यांच्या जाहिराती आणि माहितीची विक्री यांतून येई. जानेवारी 2018 मध्ये ‘ऑलस्क्रिप्ट्स’ या कंपनीने ती विकत घेण्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षी विनामूल्य सेवा संपून शुल्क सुरू झाले. ज्यांची वर्षानुवर्षांची रुग्णपत्रके आत होती, त्यांच्यापुढे पैसे भरा किंवा सर्व नोंदी घेऊन बाहेर पडा, एवढेच पर्याय राहिले. पुढे जानेवारी 2020 मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने जाहीर केले की, या कंपनीने चौकशी मिटविण्यासाठी 14 कोटी 50 लाख डॉलर देण्याचे मान्य केले आहे. एका अफूजन्य वेदनाशामकांच्या उत्पादकाकडून पैसे घेऊन डॉक्टरांच्या पडद्यावर उमटणाऱ्या चिकित्साविषयक सूचना त्याला अनुकूल अशा रचल्याची ती चौकशी होती. रुग्ण समोर बसलेला असताना चिकित्सकाला सल्ला देणारा पडदा कोणाच्या पैशाने चालतो, हा प्रश्न म्हणूनच विचारावा लागतो. हेतूचा विचार केल्यावाचून आपण निदान करीत नाही. सेवा फुकट का, याचा हेतू मात्र सहसा कोणी शोधत नाही.

फार्मसीचालकांना अधिक जवळचे उदाहरण 2024 चे आहे. गूगलच्या व्यवसाय-नोंदणीबरोबर दुकानाचे एक छोटे संकेतस्थळ फुकट मिळत असे. मार्च 2024 मध्ये ही सर्व संकेतस्थळे बंद करण्यात आली. जुन्या पत्त्यावर येणाऱ्यास व्यवसाय-नोंदीकडे वळविण्याची सोयही 10 जून 2024 पर्यंतच होती. ज्याने तो पत्ता अवलेहाच्या बरणीवरील लेबलावर किंवा पावतीपुस्तकावर छापून घेतला असेल, त्याची छपाई वाया गेली. स्वतःच्या नावाचा नोंदणीकृत पत्ता घेण्यास वर्षाला थोडाच खर्च येतो. संकेतस्थळ कोठेही ठेवले, तरी मुदतीवर नूतनीकरण केल्यास तो पत्ता आपल्याजवळच राहतो.

काही वेळा सेवा चालू असूनही आपल्यापुरती बंद होते. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसून टाकण्याचे धोरण गूगलने डिसेंबर 2023 पासून लागू केले. एखादे ज्येष्ठ वैद्य निवर्तले, मुलगी किंवा सून चिकित्सालय पुढे चालवू लागली, पण परवलीचा शब्द कोणालाच ठाऊक नाही, अशा घरात हे धोरण फार महागात पडेल. तसेच अँड्रॉइड भ्रमणध्वनीवरील व्हॉट्सअ‍ॅपच्या राखीव प्रती 2024 पासून गूगलच्या 15 जीबी विनामूल्य मर्यादेत मोजल्या जाऊ लागल्या. रुग्णांची छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅपवर साठविणाऱ्यांची ही मर्यादा लवकर भरते, आणि ती भरली की नवी राखीव प्रत निघत नाही.

पूर्वरूपे आणि उपाय

सेवा बंद पडण्यापूर्वी बहुधा पूर्वरूपे दिसतात. सुधारित आवृत्त्या येणे थांबते, तक्रारीला उत्तर मिळत नाही, नव्या सभासदांची नोंदणी बंद होते, कंपनी दुसऱ्याच्या मालकीची होते, नियम बदलल्याची पत्रे येऊ लागतात. ही पत्रे जाहिरात समजून न वाचता टाकली जातात. मुदतीची तारीख मात्र त्यांतच असते.

उपाय करताना विनामूल्य सेवा सोडूनच द्यावी, असे आमचे म्हणणे नाही. पैसे देऊन घेतलेली प्रणालीही बंद पडू शकते. मूळ प्रत आपल्याकडे आणि सोयीची प्रत सेवेत, एवढा क्रम पाळला की पुरे. दर ऋतुसंधीला सर्व नोंदी उतरवून घेण्याचा परिपाठ ठेवावा. गूगलच्या सेवांसाठी ‘टेकआउट’ ही सोय आहे. इतर प्रणालींत ‘एक्सपोर्ट’ असा पर्याय शोधावा, आणि तो नसेल तर त्या प्रणालीत रुग्णपत्रके भरूच नयेत. माहिती सीएसव्ही व पीडीएफ या दोन्ही रूपांत घ्यावी. मराठीतील सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट उघडल्यास अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसू शकतात. ती ‘इम्पोर्ट’ करताना यूटीएफ-8 निवडल्यास अक्षरे नीट दिसतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकात लिहिलेली पत्रके वेळीच युनिकोडमध्ये आणावीत, कारण तो टंक नसलेल्या संगणकावर ती वाचता येत नाहीत. असात्म्य आणि शोधनाचा तपशील यांची एक ओळ कागदी पत्रकावरही असावी.

फार्मसीचे हिशेब वेगळे आहेत. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार लेखे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावे लागतात. विनामूल्य बिलिंग अ‍ॅप बंद झाले ही सबब अधिकाऱ्यासमोर चालत नाही. शेड्यूल टीप्रमाणे ठेवावयाच्या बॅचनोंदींची छापील, स्वाक्षरीची प्रत त्या त्या बॅचबरोबरच दप्तरी लावावी.

उतरवून घेतलेली प्रत उघडून पाहणे हा यातील सर्वांत दुर्लक्षित भाग. कोणत्याही दोन रुग्णांची नावे घ्यावीत आणि आंतरजाल बंद ठेवून त्यांची पत्रके, छायाचित्रांसह, डिस्कवरून काढून दाखविण्यास सहायकास सांगावे. ती डिस्क परवलीच्या शब्दाने बंद केलेली असावी, कारण तीत रुग्णांची गुह्ये असतात. दुसरी डिस्क चिकित्सालयाबाहेर ठेवावी आणि परवलीचा शब्द बंद पाकिटात घरातील एका विश्वासू व्यक्तीजवळ द्यावा.