हरिणांच्या वाटेवर कॅमेरा कसा लावावा

आपोआप चित्र टिपणारा कॅमेरा झाडाला बांधला की काम झाले, अशी आमची समजूत होती. खानापूर तालुक्यात एका शेताच्या बांधावर आम्ही तो पूर्वाभिमुख बांधला. सकाळच्या चित्रांत चितळाऐवजी नुसते ऊन! म्हणून त्याचे तोंड उत्तरेस असावे. उंची सुमारे ७५ सेंटिमीटर, वाटेपासून अंतर तीन-चार मीटर ठेवावे. हे यंत्र हलत्या देहाची उष्णता ओळखते. सरळ समोरून येणारे जनावर त्यास उशिरा कळते, अगदी आडवे जाणारे क्षणात निसटते. म्हणून कॅमेरा वाटेशी तिरपा लावावा. पुढ्यातील गवत कापावे. जंगलात लावणे झाल्यास वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. मात्र मोळीवाल्या बायांच्या पायवाटेवर तो कधीही लावू नये. हरिणाच्या चित्रापेक्षा माणसाची अब्रू मोठी, हा धडा मुलांस प्रथम द्यावा.