दीर्घ आजार, पेढीवरील मुनीम आणि कायद्याचे साह्य

औषधदानाची परंपरा आपल्या समाजात जुनी आहे. मुनीम वा गुमास्ता आजारी पडला म्हणजे शेठजी औषधपाण्याचा खर्च उचलतात, आणि ते उचितच होय. परंतु क्षय, कर्करोग वा पक्षाघात यांचे दुखणे वर्ष-दीड वर्ष रेंगाळले की दात्याचा हातही आखडू लागतो. मग त्या घराने काय करावे, एवढ्यापुरताच विचार आम्ही येथे करीत आहोत.

ज्या दुकानात दहा वा अधिक माणसे कामास आहेत, तेथील दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन घेणारा नोकर कर्मचारी राज्य विमा योजनेत येतो. वेतनाच्या शेकडा ३.२५ मालकाने व ०.७५ नोकराने भरावयाचे. अंशदानाची अट पुरी झालेली असल्यास आजारपणात वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या शेकडा ७० मिळतात. ठरावीक ३४ दीर्घ रोगांत, दोन वर्षांची विमेदार नोकरी झालेली असल्यास, शेकडा ८० प्रमाणे ही मदत दोन वर्षांपर्यंत चालू राहू शकते. अपंगत्वाचा लाभ मात्र निराळा. कामावरील अपघाताने अथवा त्या कामातूनच जडलेल्या रोगाने अपंगत्व आले, तरच तो मिळतो. वखारीत पोत्याखाली हात सापडलेला हमाल आणि घरी पक्षाघात झालेला मुनीम यांचे अर्ज एकाच साच्यात लिहून भागत नाही.

म्हणूनच वकिलाचा सल्ला अर्ज नामंजूर झाल्यावर नव्हे, तर अर्ज करण्यापूर्वी घ्यावा, असे आमचे मत आहे. रोग कोणत्या वर्गात बसतो, कोणता दाखला हवा, हे रोगशय्येवरील माणसाने कसे ठरवावे? अपंगत्वाचे प्रमाण वैद्यकीय मंडळ ठरविते. ते कमी लावले गेले, तर लेखी निर्णयाची प्रत मागून घ्यावी; कर्मचारी विमा न्यायालयाचे दार त्यानंतरही उघडे असते. फीची धास्ती नको. १९८७ च्या कायद्यान्वये स्त्रिया, अपंग व औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळतो, इतरांना उत्पन्नमर्यादेत. उज्जैनच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे घरातील कोणीही चौकशी करू शकतो. दूरध्वनी १५१००.

एक अप्रिय गोष्टही लिहिली पाहिजे. दहावे नाव वहीत न चढविण्याची युक्ती व्यापारात अपरिचित नाही. अंशदान चुकविल्यामुळे नोकराचा लाभ बुडत असेल, तर तो त्यास देऊन मालकाकडून वसुली करण्याचा अधिकार निगमाला आहे. शिवाय आजारी मुनिमाला आपल्याच शेठजींविरुद्ध पुरावा गोळा करावा लागतो, ही शोभा वेगळीच.

स्वतः शेठजी या योजनेत येत नाहीत. त्यांचा आधार खाजगी विमापत्राचा. कंपनीने दावा नाकारला अथवा लेखी तक्रारीस महिनाभर उत्तर दिले नाही, तर भोपाळ येथील विमा लोकपालाकडे शुल्क न भरता जाता येते. तेथे वकील चालत नाही. विमेदाराने, वारसाने वा नामनिर्देशिताने स्वतःच लिहावयाचे असते. नकार मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत तक्रार तेथे पोचली पाहिजे.