नाळेला चिमटा कधी लावावा?

प्रश्न : सुनेचे दिवस भरत आले आहेत. नाळ लगेच कापणार नाही, असे डॉक्टर म्हणतात. त्याने बाळाची कावीळ वाढेल का?

उत्तर : थांबणेच योग्य. जन्मानंतरही वारेतून बाळाकडे रक्त येत राहते. पहिल्या दोन-तीन मिनिटांत साधारण 80 ते 100 मिलिलिटर. त्यातले लोह पुढचे काही महिने पुरते. 2011च्या स्वीडनमधील अभ्यासात तीन मिनिटे थांबलेल्या गटात चौथ्या महिन्याला लोहाची कमतरता 0.6 टक्के बाळांत आढळली, लगेच चिमटा लावलेल्या गटात 5.7 टक्के. आपल्याकडे पाच वर्षांखालील सुमारे 67 टक्के मुले रक्तक्षयी आहेत. म्हणून हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

तुमची शंका रास्त आहे. काविळीसाठी फोटोथेरपी (प्रकाशोपचार) लागण्याचे प्रमाण किंचित वाढते. पण हा उपचार सोपा आहे, बाळावर लक्ष मात्र हवे. नाळ कापायला थांबल्यामुळे बाळंतिणीचा रक्तस्राव वाढत नाही, आणि ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन वेळेवर देता येते. जागतिक आरोग्य संघटनाही किमान एक मिनिट थांबायला सांगते. बाळ श्वास घेत नसेल आणि त्याला कृत्रिम श्वास द्यावा लागणार असेल, किंवा आईला जोराचा रक्तस्राव होत असेल, तर डॉक्टर आधी नाळ कापतील. तेव्हा आग्रह धरू नका.